गाव नंतर, आधी पलटण

मावशी, तुला जाऊन आज सहा दिवस झाले. काल तुझा जलदानविधी झाला. भंतेजींच्या मागोमाग आम्ही सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं, मग भाषणं झाली. कॅप्टनसाहेबांनी तुला 'थोर समाजसेविका' म्हटलं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसत बसली असतीस आणि परतताना मला म्हणाली असतीस, "आन् भाकरी कोन थापत होतं मंग?" मलाही बोला म्हणाले. मी उठले, माइकपाशी गेले, 'सोजरमावशी' एवढंच म्हणाले आणि परत येऊन बसले. वीस वर्षं कचेरीत टाइपरायटरवर दुसऱ्यांचं म्हणणं बडवणारी बाई मी, मला स्वतःचं बोलायची सवय नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं चुका तरी काढणार नाहीस.

तुझा जन्म कुठला, नवरा कुठल्या लढाईत गेला, हे सगळं कालच्या भाषणांत येऊन गेलं, आणि त्यातलं अर्धं चुकीचं होतं. ते मी परत सांगत नाही. मला आपल्या दोघींचंच सांगायचंय.

पहिल्या मेळाव्याला मी आले ती काही फार मोठ्या मनानं नव्हे, हे तुला ठाऊक होतंच. कॅप्टनसाहेब पेन्शनीत आल्यापासून त्यांच्या डोक्यात ते खूळ होतं: बेघर झालेल्या माजी सैनिकांना वर्षातनं एक दिवस एका जागी बोलवायचं, आंघोळ, दाढी, कपडे, जेवण, आणि ज्यांची कागदपत्रं अडकलीत त्यांचे अर्ज भरायचे. अर्जांसाठी चांगल्या अक्षराचं माणूस पाहिजे म्हणून ते आमच्या कचेरीत आले, आणि साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. संक्रांतीनंतरचा रविवार होता. घरी वाण लुटायचं राहिलं होतं. मी कुरकुरतच शाळेच्या पटांगणात पोचले.

लिंबाखाली चुलाण पेटलेलं, त्यावर पाण्याची दोन मोठाली पातेली, आणि धुरात डोळे बारीक करून पळीनं येसरची आमटी ढवळणारी तू. मला बघून म्हणालीस, "या बाई, सावलीला बसा तुमी. ऊन लागंल." मला ते टोमण्यासारखं वाटलं. तो टोमणाच होता, हे पुढं कळलं.

माणसं एकेक करून येत होती. कुणाला भावानं घरातनं काढलेलं, कुणी दारूपायी सगळं घालवून बसलेला, आणि बरेच जण असे की ज्यांचं घर नामांतराच्या दंगलीत जळालं आणि ते पुन्हा गावाकडं फिरकलेच नाहीत. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव तिकडं मुंबईत झाला आणि इकडं आमच्या खेड्यांत बौद्ध वस्त्यांवरची छपरं पेटली. चीनच्या, पाकिस्तानच्या लढाईतनं धडपणी परत आलेले हे लोक पूर्णेच्या फलाटावर, परभणीच्या एस.टी. स्टँडवर, दर्ग्याच्या ओट्यावर पथारी टाकून पडलेले होते. मी त्यांच्या अंगावरनं रोज कचेरीला जात होते.

मग तो आला. उंच, दाढी वाढलेली, खाकेत गुंडाळी. मी नाव विचारलं, तो ग्यानोबा म्हणाला. मी गाव विचारलं.

"देवगाव फाटा."

"फाट्यावर कोण राहतंय? तिथं हाटेलं अन् एस.टी.चा थांबा. आत कुठलं गाव?"

त्यानं इकडंतिकडं बघून हळूच गावाचं नाव सांगितलं. माझा चेहरा खुलला. "अहो, तिथं माझी सख्खी बहीण दिलीय. गावाच्या टोकाचं मोठं घर, मागं गोठा. आमच्या दाजींना चिठ्ठी देते तुमच्याजवळ. काय अडलं असंल ते करून देतील."

आपण केवढे उपकार करतोय, असं मला वाटत होतं. ग्यानोबानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं, गुंडाळी उचलली आणि शाळेच्या फाटकातनं बाहेर निघून गेला. त्याच्यासाठी काढलेलं गरम पाणी बादलीत तसंच राहिलं.

यात माझं काय चुकलं, ते मला खरंच कळलं नाही. आपल्याकडं माणूस भेटला की पहिलं गाव विचारायचं, मग कुणाचा कोण, मग कुठं सोयरीक लागते का बघायचं. लागली की दोघंही खूश. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला मी परभणीहून जिंतूर येईपर्यंत तिच्या मामेसासऱ्यापर्यंत विचारत नेते. गाव सांगितलं की वस्ती कळते, वस्ती कळली की जात कळते, आणि तेवढ्यासाठीच कितीतरी माणसं गाव सांगायचं टाळतात, हे पंचेचाळीस वर्षं या जिल्ह्यात काढूनही मला माहीत नव्हतं. कारण मला माझं गाव कधी लपवावं लागलं नव्हतं. पेडगावची म्हटलं की लोक पाट सरकवायचे.

तू हातातल्या पळीसकट माझ्या टेबलापाशी आलीस.

"काय पुसलंस त्याला?"

तोपर्यंत मी 'तुमी' होते. एका झटक्यात 'तू' झाले.

"गाव विचारलं, दुसरं काय?"

"गावानंच जाळलंय त्याला. आन् तू गाव पुसायलीस व्हय? पलटण पूस की."

"फॉर्मात पहिला रकाना नाव-गावाचाच आहे."

"मंग त्यो मागं टाक. त्याला काय मुळं फुटलीत का हितं?"

आणि मग मला शिकवावं म्हणून तू पुढच्या माणसासमोर जाऊन उभी राहिलीस. पाठीत वाकलेला, नजर खाली, म्हातारा पार गळून गेलेला. तू विचारलंस, "कोन्ती पलटण, दादा?" त्यानं मान वर केली. पाठ सरळ झाली. पलटण, कंपनी, स्वतःचा नंबर, आपल्या सुभेदाराचं नाव, कुठल्या ठाण्यावर किती बर्फ होतं, सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "लिही. गाव सांगंल जेवल्यावर. वाटलं तर सांगंल, न्हाई तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत नवीन फॉर्म टाइप केला. आधी पलटण, मग नंबर, मग नाव, आणि गाव पार खाली. साहेब म्हणाले, हा कुठला नमुना? मी म्हटलं, वरून नवीन आलाय. त्यांनी सही केली. माझ्या नोकरीतलं ते पहिलं खोटं, आणि मला त्याचा अजून पस्तावा नाही.

पण ग्यानोबा गेला तो गेलाच. मला चैन पडेना. मी तुला विचारलं, कुठं सापडेल? तू म्हणालीस, "हुडकावं लागंल. येतीस?" तिथनं आपले रविवार सुरू झाले. सकाळच्या पॅसेंजरनं निघायचं, एकेका स्टेशनवर उतरायचं, पुढच्या गाडीनं पुढं जायचं. घरी मी काय काय सांगितलं, ते जाऊ दे. तू मला माणसं ओळखायला शिकवलंस. फलाटावर दहा जण पथारी टाकून बसलेले असत. तू लांबूनच म्हणायचीस, "त्यो तिसरा आपला." कशावरून, तर घोंगडीची घडी. कडेला कड, पायताणं उशाला जोडून ठेवलेली, टमरेल पालथं. नवऱ्याबरोबर पलटणीच्या लायनीत सात वर्षं संसार केलेल्या बाईला ती घडी ठाऊक. "घर गेलं तरी हात इसरत न्हाईत," म्हणायचीस. असे आपण त्या वर्षात सात जण शोधले, आणि आठवा ग्यानोबा.

तो चुडाव्याला सापडला. रेल्वेच्या क्वार्टरांमध्ये पाणी भरायचा आणि फलाटाच्या टोकाला राहायचा. मला बघून उठायलाच लागला. तू त्याच्या शेजारी फतकल घालून बसलीस, फडकं सोडलंस, भाकरी आणि ठेचा काढलास आणि त्याला काही न विचारता स्वतः खायला लागलीस. थोड्या वेळानं अर्धी भाकरी त्याच्यापुढं केलीस. त्यानं घेतली. मग म्हणालीस, "पलटण कोन्ती, लेकरा?" चाळिशी उलटलेला माणूस, आणि 'लेकरा' म्हटल्याबरोबर त्याचे डोळे भरून आले. लान्स नाईक होता. एकाहत्तरच्या लढाईत पायाला छर्रे लागलेले. घर जळालं तेव्हा पेन्शनचं पुस्तक त्यातच गेलं, आणि नंतर तो कुठल्याही कचेरीच्या दारात उभा राहिला नाही. बायको माहेरी गेली, ती तिकडंच वारली.

"ही बाई कोन?" त्यानं तुला विचारलं. माझ्याशी बोलला नाही.

"चांगली हाय. येडी हाय जरा," तू म्हणालीस.

मावशी, त्या दिवशी मी तुला एक सांगितलं नाही. नंतरही नाही. आता सांगते. दंगलीच्या आठवड्यात अक्का माहेरी, पेडगावला आली होती. जेवताना म्हणाली, आमच्या गावात चार-दोन घरं जळाली, आमच्या गोठ्याला लागूनच होती. आणि मी घास हातात धरून विचारलं, "गोठ्याला झळ न्हाई ना लागली?" एवढंच विचारलं. घरं कुणाची, माणसं कुठं गेली, यातलं काही विचारलं नाही. चुडाव्याच्या फलाटावर ग्यानोबा सांगत होता तेव्हा माझ्या कानात माझाच तो आवाज येत होता. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, हे मला माहीत नाही, आणि मला भीती वाटत होती.

दुसऱ्या मेळाव्याला ग्यानोबा आला. आंघोळ झाली, दाढी झाली, आणि वीस वर्षांनी तरुण दिसायला लागला. नंबरावरनं कागद निघाले, सहा महिन्यांत पेन्शन सुरूही झाली. आम्ही सगळे खूश. कॅप्टनसाहेब पेढे घेऊन आले. ग्यानोबा पेढा हातात धरून म्हणाला, "साहेब, पैशाचं बरं झालं. पर मला माझी जागा पायजे. मी फलाटावर मरनार न्हाई."

जागा तिथंच होती. पण तिच्यावर कडब्याची गंजी उभी होती, आणि गंजी माझ्या दाजींची होती. आग दाजींनी लावली असं कुणी म्हणालं नाही, ग्यानोबाही नाही. आग बाहेरून आलेल्या लोकांनी लावली असं म्हणतात. सगळीच गावं तसं म्हणतात. राख गार झाल्यावर जागा मोकळी दिसली, गोठ्याला लागून होती, सोयीची होती, म्हणून दाजींनी तिथं कडबा रचला आणि दर वर्षी रचत राहिले. यात आपण काही केलं असं त्यांना वाटतच नव्हतं.

इथनं आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, मला थोडे दिवस दे, घरातल्या घरात मिटवते. तू म्हणालीस, "घरातल्या घरातच मिटवलंय समद्यांनी. म्हनून तर त्यो भाईर पडला." मला राग आला. मी म्हटलं, तुला काय जातंय बोलायला, माझी सख्खी बहीण आहे ती. तू उठून पाणी भरायला लागलीस, आणि मला तर अजूनच राग आला. मी तीनदा गेले दाजींकडं. पहिल्यांदा म्हणाले, कडबा संपू दे. दुसऱ्यांदा म्हणाले, पाऊस होऊ दे. तिसऱ्यांदा म्हणाले, "मालते, तू कचेरीत बसून टाइप कर. गावातलं आमी बघतो." अक्का चुलीपाशी पाठमोरी बसून होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मी परत आले तेव्हा तू कांदे निवडत होतीस. माझं तोंड बघूनच तुला कळलं. म्हणालीस, "औंदाचा मेळावा ग्यानोबाच्या गावात घ्यायचा."

मी तुला नाना परीनं समजावलं. भांडण होईल, पोलीस येतील, म्हाताऱ्यांना काही झालं तर जबाबदारी कोणाची. तू प्रत्येक वेळी एकच म्हणत होतीस, "आपुन भांडायला न्हाई चाललाव. कडबा उचलायला चाललाव." कॅप्टनसाहेबांनी तहसीलला रीतसर कळवलं, ग्यानोबाच्या नावाचा जुना उतारा काढून आणला, आणि मला विचारलं, "तुम्ही येणार का, बाई?" मी येते म्हणाले. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

एस.टी. देवगाव फाट्याला थांबली आणि आपण उतरलो. तीसेक माणसं असतील. कुणाच्या छातीवर पदकं, कुणाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक जण कुबडीवर. फाट्यापासून दोन कोस चालायचं होतं. कुणी सांगितलं नाही, पण गावाची शीव आली तशी ती सगळी माणसं आपोआप तीन-तीनच्या रांगेत आली. पाय एकदम पडायला लागले. शेतातली माणसं वाफे सोडून बांधावर येऊन उभी राहिली. तू सगळ्यांत पुढं, डोक्यावर पदर, हातात काही नाही. मी तुझ्या मागं, पदर पार नाकापर्यंत ओढून. मला अजून वाटतं, त्या दिवशी मी पदर जरा वर घ्यायला पाहिजे होता.

जागेपाशी आल्यावर सगळे थांबले. दाजी गोठ्याच्या दारात उभे होते, मागं चार-पाच गडी. कॅप्टनसाहेब उतारा काढून वाचायला लागले. तू वाचू दिलं नाहीस. सरळ गंजीपाशी गेलीस, कडब्याची एक पेंढी ओढलीस, डोक्यावर घेतलीस, आणि दाजींच्या बाजूनं आत जाऊन त्यांच्या गोठ्यात नीट उभी करून ठेवलीस. बाहेर येऊन म्हणालीस, "पाटील, तुमचा कडबा तुमच्या गोठ्यात लावायलाव. एक काडी सांडनार न्हाई. मोजून घ्या."

दाजी तरी काय बोलणार होते? शिवी देता येत नव्हती, कारण तू शिवी दिली नव्हतीस. पोलिसांना बोलवून सांगायचं तरी काय, की हे लोक माझा कडबा माझ्याच घरात आणून ठेवायलेत? तोपर्यंत ग्यानोबा दुसरी पेंढी घेऊन निघाला होता, त्याच्या मागं तिसरा, चौथा. कुबडीवाला म्हातारा काखेत एक पेंढी धरून लंगडत गेला. ज्यांची घरं कुणीतरी पेटवून दिली होती, ती माणसं कडब्याची पात तुटू नये म्हणून पेंढ्या जपून उचलत होती. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. तू जाता जाता म्हणालीस, "बघायला आलीस का?" मग मीही एक पेंढी डोक्यावर घेतली आणि माझ्या दाजींच्या अंगावरनं आत गेले.

गोठ्यात अक्का उभी होती. मी पेंढी भिंतीला लावायला लागले. मला वाटलं, आता तोंडावर थुंकेल. ती आम्हा सगळ्यांना म्हणाली, "तिथं नका लावू. तिथं गळतंय. ह्या अंगाला लावा." आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन जागा झाडायला लागली. दुपार कलायच्या आत जागा मोकळी झाली. तू तिथंच तीन दगड मांडून चूल पेटवलीस, आणि त्या वर्षीचा मेळावा ग्यानोबाच्या मोकळ्या जागेत जेवला.

पुढं दोन वर्षं दाजींनी माझ्याशी संबंध तोडला. अक्काला माझ्याकडं यायची बंदी झाली. तू विचारायचीस, "बहिनीचं कसंय?" मी म्हणायचे, बरंय. ते काही बरं नव्हतं, मावशी. भाऊबीज गेली, राखी गेली, भाचीच्या लग्नाची पत्रिका शेजारच्यांना आली, मला आली नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू स्वतःला दोष दिला असतास, आणि तुझा दोष नव्हता. ते माझ्या हातून झालेलं पहिलं धड काम होतं, आणि तू नसतीस तर ते झालं नसतं.

एका गोष्टीवर मात्र मी तुझ्यावर आजही नाराज आहे. तुझंही घर त्याच दंगलीत जळालं होतं. तू भाजी विकून भाड्याच्या खोलीत राहिलीस. तुझा अर्ज मी तीनदा भरला, तीनदा तू अंगठा दिला नाहीस. "आधी त्या पुरुषांचं हू दे. बायकांना कुठंबी कोपरा मिळतो." हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आताही पटत नाही. कोपरा म्हणजे घर नव्हे, हे तूच तर साऱ्या जिल्ह्याला शिकवत होतीस. मी आणखी जोरानं भांडायला पाहिजे होतं.

यंदा तुझी छाती भरली. दवाखान्यातनं घरी न्या म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडं चल, परभणीतच आहे, डॉक्टर जवळ. ग्यानोबा टेंपो घेऊन आला होता. तू त्याच्याकडं बोट केलंस. "ह्याच्याकडं जाते. छपराचं झालं का न्हाई, बघायचंय." मला जरा वाईट वाटलं. पण टेंपोत तुला निजवताना ग्यानोबाचं तोंड बघितलं आणि तुझी पिशवी त्याच्याकडं दिली. जिच्यामुळं घर मिळालं तिला त्या घरात घेऊन चाललेला माणूस होता तो. तू तिथं अकरा दिवस होतीस. बाराव्या दिवशी सकाळी निरोप आला.

मी पोचले तेव्हा पूर्णेकडनं येणाऱ्या लोकांसाठी सगळे थांबले होते. दुपारी तुला उचललं. वस्तीतलं कुणीही गेलं तरी तिथं ओढ्याच्या वाटेनं न्यायची पद्धत. ग्यानोबानं ओढ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ चावडीवरनं, मारुतीच्या देवळासमोरनं तुला नेलं. दर वीस पावलांवर खांदेकरी बदलत होते, आणि एकदाही पाय चुकला नाही. चावडीवरची माणसं उठून उभी राहिली. पार मागं, बऱ्याच अंतरावर, पायताणं हातात घेऊन दाजी चालत होते. विद्यापीठाच्या नावाचं अजून काही झालेलं नाही, मावशी. पण त्या रस्त्यानं तू गेलीस, आणि तुझ्या ओळखीची म्हणून मी ताठ मानेनं चालले.

एक सांगायचं राहिलं, तुला उचलायच्या आधीचं. मी तुझ्या उशाशी बसले होते. आपल्या गावांत शेजारचं माणूस गेलं की प्रेत उचलेपर्यंत घरात चूल पेटवत नाहीत. सगळी घरं पाळतात, पण वस्तीतल्या कुणासाठी गावानं ते कधी पाळलेलं मी ऐकलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं. दाजींकडं सेलूचे पाव्हणे उतरले होते. गोठ्याच्या भिंतीपलीकडनं त्यांच्यातला कुणीतरी विचारताना ऐकू आला, "वैनी, सकाळपासनं घोटभर चहा न्हाई. चूल कामून थंड हाय तुमची?"

आणि अक्काचा आवाज आला, "शेजारीण गेलीय माझी. तिला उचलल्याबिगर कशी पेटवू?"